समझोत्यावर सही कोणाची नाही?

गेल्या काही आठवड्यांत तीन-चार जणांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. एम.ए. झालंय, पेट द्यायची आहे, विषय 'संघर्ष निराकरण आणि मध्यस्थी' असा काहीतरी घ्यावा असं मनात आहे; पण ताई, हा विषय तर परदेशातला, आपल्याकडे त्याचं काय सापडणार? विचारणाऱ्यांतले दोघे गोंदिया जिल्ह्यातले. मला आधी हसू आलं, मग आठवलं की दोन वर्षांपूर्वी मीही माझ्या गाईडना हेच विचारलं होतं. म्हणून आज सिद्धांत थोडे बाजूला ठेवू आणि एका नोंदवहीपासून सुरुवात करू.

चिचगड, तालुका देवरी. नागपूर–रायपूर महामार्गावर देवरीला उतरायचं आणि आत जंगलाकडे वळायचं. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली. एकेकाळी ही भंडारा जिल्ह्यातली एक जमीनदारी होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. धान, मोहफूल, तेंदूपत्ता यांवर चालणारा मुलूख. कानावर मराठी पडते तशी गोंडीही पडते, हलबी आणि छत्तीसगढीही. बाहेरच्या माणसाला इथला 'संघर्ष' म्हटलं की नक्षलवाद तेवढा आठवतो, आणि संशोधनाचे प्रस्तावही तिथेच जाऊन बसतात. गावात बसून ऐका. लोक ज्याला भांडण म्हणतात ते धुऱ्याचं असतं, बांधीत कोणी आधी पाणी घ्यायचं याचं असतं, नवऱ्याच्या दारूचं असतं, पळून गेलेल्या पोरापोरीचं असतं.

या पंचक्रोशीतल्या एका गावात मला तंटामुक्त गाव समितीची नोंदवही पाहायला मिळाली. गावाचं नाव सांगणार नाही आणि पुढचे तपशीलही मुद्दाम थोडे बदलले आहेत. का ते शेवटी येईल. एका पानावर अडीच ओळींची नोंद होती. दोन सख्ख्या भावांत धुऱ्यावरून वाद, समितीसमोर बैठक झाली, आपसी समझोता झाला, यापुढे वाद राहिला नाही. खाली दोन भावांच्या सह्या, दोन साक्षीदार, अध्यक्ष. मी ती नोंद वहीत उतरवून घेतली आणि पान उलटलं. नंतर चहा पिताना कोणीतरी सहज म्हणालं की त्या दोघांना एक बहीण आहे, तिकडे कोरचीच्या बाजूला दिली आहे, आणि बांधी अजून वडिलांच्याच नावावर आहे. मी विचारलं, तिला बोलावलं नव्हतं का? उत्तर अगदी सरळ आलं, त्यात कपट काही नव्हतं: "तिचा काही वाद नव्हता ना."

माझ्या संशोधनाचा प्रश्न मला त्या वाक्यात सापडला. समझोत्याचा कागद तंटा संपवायला लिहिलेला असतो, तो सांगायला नव्हे. त्यामुळे त्यावर कोणाची सही आहे हे वाचण्याइतकंच कोणाची सही नाही हे वाचावं लागतं. आणि हा प्रश्न आजचा नाही. मराठी मुलुखात तंटे मिटवण्याचे कागद तीनशे-चारशे वर्षांचे आहेत.

मराठेशाहीत वतनाचा, शिवेचा, वाटणीचा वाद गावाच्या किंवा परगण्याच्या गोतसभेपुढे जाई. पद्धत बघा, आजच्या मध्यस्थी प्रशिक्षणातल्या कितीतरी गोष्टी तिथे ओळखीच्या वाटतील. आधी दोन्ही वादी राजीनामा लिहून देत. आज आपण राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं समजतो, तेव्हा त्याचा अर्थ होता 'तुम्ही जो निवाडा कराल तो आम्हाला राजीखुशीने मान्य'. मग जामीन. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापली लेखी बाजू. मग साक्षी-पुरावे, आणि काही केल्या उलगडा होत नसेल तर दिव्य. निवाडा झाला की हरलेला पक्ष येजितखत लिहून देई, म्हणजे स्वतःच्या हाताने हार कबूल करी. जिंकलेल्याने सरकारात हरकी भरायची, हरलेल्याने गुन्हेगारी. सगळ्याचा मिळून महजर तयार होई आणि त्यावर सभेत बसलेल्यांची नावं आणि निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारं.

या कागदांवर विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी डेक्कन कॉलेजात प्रबंध केला आणि तो १९५३ मध्ये 'द ज्युडिशिअल सिस्टिम ऑफ द मराठाज' या नावाने प्रसिद्ध झाला. तुमच्यापैकी ज्यांना इतिहासाच्या अंगाने जायचंय त्यांनी हे पुस्तक आधी वाचावं, मग परदेशी पाठ्यपुस्तकांकडे वळावं. त्यातून एक गोष्ट चटकन लक्षात येते. महजर म्हणजे आजच्या अर्थाने निकालपत्र नव्हे. सारं गाव साक्षीला बसलं होतं आणि उद्या कोणी फिरलं तर गाव त्याला आठवण करून देईल, याची ती नोंद आहे. निवाड्याचं बळ शिपायाइतकंच त्या निशाण्यांच्या रांगेत असे.

आणि म्हणूनच ती रांग नीट बघायची. वतनाच्या वादात विधवा स्वतः पक्षकार म्हणून उभ्या राहिलेल्या दिसतात, तेव्हा स्त्रिया या कागदांत नाहीतच असं म्हणता येत नाही. पण गोत म्हणून निवाडा करायला बसलेल्यांच्या यादीत त्या शोधून पाहा.

एक सावधगिरी इथेच सांगते, कारण पहिल्या प्रस्तावात मी स्वतः ही चूक केली होती. गोतसभेचे हे कागद प्रामुख्याने देशावरचे आहेत. ते उचलून झाडीपट्टीवर चिकटवता येत नाहीत. चिचगडसारख्या गोंड-हलबांच्या मुलुखात तंटा मिटवणारे पंच वेगळे आणि त्यांचे रिवाजही वेगळे. बराचसा व्यवहार तोंडी. त्याची कागदावर जी सावली पडली ती इंग्रजांच्या काळात पडली.

इंग्रज आले तेव्हा पंचायतीचं काय करायचं हा त्यांच्यापुढे खरा प्रश्न होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखावर १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात पंचायतीचे दोषही सांगितले आहेत, जसं की काम लांबतं, पंच जमत नाहीत, निवाडा अमलात आणायची ताकद त्यांच्याकडे नसते. आणि तरीही ती टिकवावी असाच त्याचा कल आहे. टिकली मात्र नाही. १८२७ चे कायदे आले, कोर्टं आली, आणि हार कबूल करून लिहून देण्याऐवजी वरच्या कोर्टात अपील करण्याची वाट उघडली. यात नुकसान झालं असं म्हणायची आपल्याकडे फॅशन आहे. मला तसं सरसकट वाटत नाही. ज्याला गावाच्या सभेत तोंड उघडायची सोय नव्हती त्याच्यासाठी गावाबाहेरचं कोर्ट ही सुटकाही होती.

नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. या प्रांताच्या जमीनबंदोबस्तात एक कागद तयार झाला, जो तुमच्यापैकी अनेकांच्या तालुक्याच्या दप्तरात असू शकतो: वाजिब-उल-अर्ज. गावाचे रिवाज त्यात लिहिलेले असतात. पाण्यावर कोणाचा हक्क, वाट कुठून, मासे कोणी धरायचे, असले. त्याच्याच जोडीला निस्तारपत्रक: सरपण, चराई, बांबू, माती यांसाठी गावाने कुठून काय घ्यायचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या दोन्हींची कलमं आजही आहेत, निस्तारपत्रकाचं १६१ आणि वाजिब-उल-अर्जचं १६५. पुण्या-मुंबईचे अभ्यासक हे शब्द ऐकून दचकतात. विदर्भातल्या विद्यार्थ्याला हा आयता मिळालेला ठेवा आहे. शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या लढ्याला निस्तार हक्कांची मोठी पार्श्वभूमी आहे, आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते गणलं जातं.

पण वाजिब-उल-अर्ज हातात आला की लगेच 'हा गावाचा रिवाज' असं लिहून मोकळे होऊ नका. बंदोबस्ताचा अंमलदार गावात आला तेव्हा त्याच्यापुढे रिवाज सांगायला कोण बसलं असेल? मालगुजार? जमीनदाराचा कारभारी? चिचगडसारख्या ठिकाणी हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण जो पाण्याचा मालक तोच रिवाजाचा साक्षीदार. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचं मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या आदिवासींच्या प्रश्नावरचं १९४४ चं पुस्तक याच्या सोबतीला ठेवा. तोही इंग्रज अधिकारीच, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न विचारायचा.

पुढचं लवकर सांगते. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या १९४६ च्या पंचायत कायद्यात न्याय पंचायती होत्या. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या गेल्या. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. न्याय पंचायती इथेही कायद्यात होत्या, पण सत्तरच्या दशकात त्या मोडीत निघाल्या. मग गावपातळीवर सरकारी पाठिंब्याने तंटा मिटवण्याची मोठी योजना आली ती थेट १५ ऑगस्ट २००७ ला: महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची. ग्रामस्वच्छता अभियानही त्यांचंच, आणि दोन्हींचा साचा सारखा आहे. समिती, गुण, बक्षीस. गावाने तंटे नोंदवायचे, मिटवायचे, मूल्यमापन व्हायचं, आणि लोकसंख्येनुसार लाखांत बक्षीस.

मोहिमेने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे वर्तमानपत्रात अजूनही बातमी येते की तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमीयुगुल विवाहबद्ध झालं. समितीचे लोक हार घेऊन उभे, मागे गणपतीचं किंवा हनुमानाचं मंदिर. घरच्यांच्या मारापासून वाचलेली जोडपी त्यात आहेत. पण मिटलेल्या तंट्याला गुण मिळायला लागले की तंटा 'मिटलेला' दिसण्याची घाईही येते. धुऱ्याचा वाद तडजोडीने मिटवणं वेगळं, आणि जो गुन्हा कायद्याने तडजोडपात्रच नाही तो गावात मिटवणं वेगळं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये तडजोडपात्र गुन्ह्यांची यादी आहे. बलात्कार त्यात नाही. नोंदवही वाचायला जाण्याआधी ती यादी वाचून जा.

आता तुमचा मूळ प्रश्न: विषय परदेशातला आहे का?

विद्यापीठीय विषय म्हणून याचा इतिहास सांगताना नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांचं नाव पहिल्या पानावर येतं. १९५९ मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था, १९६४ मध्ये नियतकालिक, १९६९ मध्ये तो गाजलेला लेख ज्यात त्यांनी 'संरचनात्मक हिंसा' ही कल्पना मांडली. नेटच्या अभ्यासात तुम्ही हे पाठ केलंच असेल. पहिल्या पानावर सहसा येत नाही ते असं: सक्तीच्या लष्करी सेवेच्या प्रश्नावर हा तरुण तुरुंगात गेला, आणि तिथे असताना गांधींच्या राजकीय नीतीवरच्या एका पुस्तकावर काम करत होता. तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासोबतचं हे पुस्तक १९५५ मध्ये निघालं. म्हणजे संस्थेच्या आधी गांधी. १९९३ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. हे बजाज म्हणजे ज्यांच्या आग्रहाने गांधी वर्ध्याला आले ते.

गांधी १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरच्या शांततावाद्यांची परिषद आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामला भरली. गांधी त्यात असणार होते; त्याआधीच त्यांचा खून झाला. १९५७ मध्ये विनोबांनी शांतिसेना उभी केली, जिचं काम दंगलीच्या जागी जाऊन मधे उभं राहणं हे होतं. चिचगडहून सकाळी निघालात तर त्याच दिवशी सेवाग्रामला पोचता. ब्रॅडफर्डचा शांतता अध्ययन विभाग १९७३ चा, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाची संघर्ष निराकरणाची पदव्युत्तर पदवी १९८० च्या दशकातली. तेव्हा 'परदेशातला विषय' हे अर्धंच खरं आहे. पदवी तिकडून आली. मुळांपैकी एक इथलंच.

आज आपल्या टप्प्यात काय आहे? वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात (स्थापना १९९७) गांधी व शांतता अध्ययनात एम.ए. आणि पीएच.डी. होते. नागपूर विद्यापीठात, ज्याच्या क्षेत्रात गोंदिया जिल्हा येतो, गांधी विचारधारा विभाग आहे. नेटला 'बौद्ध, जैन, गांधी व शांतता अध्ययन' असा एकत्र विषय आहे. दिल्लीच्या जामियात संघर्ष विश्लेषण आणि शांतता निर्मितीत एम.ए. आहे. कायद्याच्या बाजूने आलात तर बार कौन्सिलने २०२०-२१ पासून एलएल.बी.ला मध्यस्थी हा विषय सक्तीचा केला आहे, आणि कोर्टाशी जोडलेल्या मध्यस्थांसाठी ४० तासांचं प्रशिक्षण असतं.

या दोन वाटांत एक फरक आहे, जो माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. मध्यस्थीचं प्रशिक्षण तुम्हाला तंटा बंद करायला शिकवतं: दोन्ही बाजू ऐका, हितसंबंध ओळखा, तोडग्यावर आणा, आत बोललेलं बाहेर बोलू नका. संशोधनात मात्र तुम्हाला बंद झालेलं उघडून बघायचं असतं. गाल्टुंगच्या भाषेत, मारामारी थांबली ही नकारात्मक शांतता. अन्याय उरला नाही ही सकारात्मक. नोंदवहीत 'यापुढे वाद राहिला नाही' असं लिहिलेलं असतं तेव्हा ती पहिल्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारची आहे का, हे त्या पानावरून कळत नाही.

मध्यस्थी कायदा, २०२३ मध्ये सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ४३ आणि ४४. परिसरातली शांतता बिघडवू शकेल असा वाद, पक्षांची आधी संमती, तीन मध्यस्थांचं मंडळ. समझोता झाला तरी तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही. लोकअदालतीच्या निवाड्याला तो दर्जा असतो. म्हणजे कायद्याने पुन्हा गावाच्या साक्षीवरच भिस्त ठेवली आहे, महजरासारखी. आणि 'पक्षांची संमती' म्हटलं की लगेच विचारावं लागतं, पक्ष कोण हे कोणी ठरवलं?

त्या बहिणीकडे परत येऊ. हिंदू वारसा कायदा, ज्यात २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळाला, तो कलम २(२) नुसार अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे रिवाज चालतो. मग 'बहिणीचा वाद नव्हता' या वाक्यामागे रिवाज आहे, की नुसती सवय? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात निकाल दिला. आजोबांच्या जमिनीत आईचा वाटा मुलं मागत होती. खालच्या कोर्टांनी म्हटलं होतं की स्त्रियांना वारसा मिळतो असा रिवाज सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटं फिरवलं: स्त्रियांना वगळणारा रिवाज असेल तर तो सिद्ध व्हायला हवा, वगळणं गृहीत धरता येणार नाही. चिचगडच्या सीमेपलीकडच्याच राज्यातला हा निकाल. मी तो वाचला आणि नोंदवहीतल्या त्या अडीच ओळी मला पुन्हा वाचाव्या लागल्या.

तुलनेसाठी आणखी एक धागा देते, कोणाला हवा असेल तर घ्या. पेसा कायदा १९९६ चा. त्यात तंटे मिटवण्याच्या परंपरागत पद्धती जपण्याचा ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आहे. पण तो पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रालाच लागू. कोरची-कुरखेडा त्यात येतात, गोंदिया जिल्हा येत नाही. जंगल तेच, सोयरीक तीच, भाषा त्याच. भाऊ एका कायद्यात आणि बहीण दुसऱ्या. यावर एक चांगला प्रबंध सहज उभा राहील.

प्रस्ताव लिहिताना करायचं काय, तर नुसतं 'तंटामुक्ती मोहिमेचा चिकित्सक अभ्यास' असं शीर्षक देऊ नका, असे शंभर पडून आहेत. दहा नोंदी घ्या. प्रत्येकीसमोर लिहा: सही कोणाची, वाद कशाचा म्हणून नोंदला, आणि त्या वस्तूत, म्हणजे जमिनीत, पाण्यात, घरात, आणखी कोणाचा संबंध येतो. सातबारा आणि फेरफार जोडीला ठेवा. नागपूरच्या अभिलेखागारात एक आठवडा काढा. आणि नावं बदला, गाव बदला, एवढंच नाही तर ओळखू येतील असे तपशीलही बदला. समझोता करणाऱ्यांनी गावावर विश्वास ठेवून सही केली आहे, तुमच्यावर नाही.

मी त्या बहिणीला अजून भेटलेले नाही. पत्ता मिळाला आहे. पण मी तिच्या दारात जाऊन 'तुमच्या वडिलांच्या बांधीबद्दल' असं विचारलं, आणि ते माहेरी कळलं, तर दिवाळीत तिला कोणी न्यायला येईल का, हा प्रश्न माझ्या प्रबंधापेक्षा मोठा आहे. गाईडनी संमतीपत्र दोनदा परत केलं. दोन्ही वेळा मी त्यात 'तुमच्या वादाविषयी माहिती' असं लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी 'वाद' या शब्दाखाली रेघ मारून समोर लिहिलं: हा वाद आहे असं तिने म्हटलंय का? तिसरा मसुदा चालू आहे.